वाटाड्याचा धंदा : वेठीपासून मालकीपर्यंत



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयास विद्वान मंडळी येतात. आमच्या नावापुढे पदवी नाही. वर्गात बसून झालेले आमचे शिक्षण सातवीला संपले. पुढचे वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा आजच्या बोलण्यात ग्रंथ थोडे आणि माणसे अधिक असतील, ते आपण गोड करून घ्यावे.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. गेल्या दिवाळीनंतर तलासरीकडचे चार तरुण आणि एक मुलगी युनियनच्या कचेरीत आली. त्यांच्यापैकी एकाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. काश्मीरमधल्या गुलमर्गच्या बर्फावरून एक मोटारीची घसरगाडी धावत होती. तिच्यावर पुढे तिथला पोरगा आणि मागे मुंबईचा पाहुणा. मुले म्हणाली, "काका, आपल्याकडे बर्फ नाही, पण डोंगर आहे, जंगल आहे, धरणाचे पाणी आहे. मुंबईचे लोक शनिवार-रविवारी येतातच. मुंबईचेच एक गृहस्थ डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालणाऱ्या गाड्या आणणार आहेत. वाट आम्ही दाखवायची. रोज ठरलेला, वर पाहुणा देईल ती बक्षिसी. करावे का?"

आम्ही त्यांना म्हटले, "पोरांनो, करा किंवा करू नका असे एका शब्दात सांगता येणार नाही. हा धंदा तुम्हांला नवा वाटतो, पण तुमच्या पणजोबांनीही तो केला आहे. तेव्हा त्याचा हिशेब आधी पाहू." तो हिशेब पाहता पाहता चार महिने गेले. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या पाच जणांना दिलेले उत्तर आहे.

डोंगरात वाट दाखविण्याचा धंदा आपल्याकडे कधी सुरू झाला? साहेब आला तेव्हा, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे वाटाड्या साहेबाच्याही आधीचा आहे. बोर्डीच्या पूर्वेला बहारोटचा डोंगर आहे, ज्याला आपण बारडगड म्हणतो; उंची सुमारे दीड हजार फूट. संजाण पडल्यावर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी या डोंगरातल्या लेण्यांत आणून बारा वर्षे राखला, असे त्यांची परंपरा सांगते. तिथून तो वांसद्याला आणि पुढे नवसारीला गेला. आज तो उदवाड्यास आहे. ही हकीगत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'किस्सा-इ-संजान' या फारसी काव्यात आली आहे. आता आपणच विचार करा. परके लोक, हाती अग्नी, पाठीवर शत्रू, आणि समोर दाट रान. लेणी कोणत्या अंगाला आहेत, पाणी कुठे मिळते, चढ कुठून सोपा, हे रानात राहणाऱ्या कोणाला विचारल्याशिवाय ते वर पोहोचले असतील का? आमच्या मनाला ते पटत नाही. पण जो कोणी असेल त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. वाटाड्याच्या इतिहासात ही गोष्ट आपल्याला पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

इंग्रजी अमलात आपला मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्या काळी साहेबाची फिरती निघाली की तंबू, पेट्या, खुर्च्या, भांडीकुंडी असा लवाजमा बरोबर असे. हे ओझे गावोगाव कोणी वाहावयाचे? ज्या गावी मुक्काम, त्या गावच्या बिगाऱ्यांनी. वाट कोणी दाखवावयाची? त्याच गावच्या माणसाने. या गावच्या शिवेपासून त्या गावच्या शिवेपर्यंत एकाने न्यावे आणि पुढच्याच्या हवाली करावे, असा शिरस्ता. साहेब गेल्यावर सावकार-जमीनदार होतेच. त्यांच्या शेतावर, त्यांच्या घरी, त्यांच्या गाडीबरोबर वारल्याला वेठ करावी लागे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही मालकाकडे राबत; त्याला लग्नगडी म्हणत. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३९ सालच्या अहवालात या सक्तीच्या मजुरीचे वर्णन केले आहे. म्हणजे सरकारचाच अधिकारी ते लिहून देत होता. कोणा चळवळ्याचे ते भाषण नव्हे.

तेव्हा वाटाड्याच्या धंद्याची आपल्या भागातली पहिली पायरी म्हणजे वेठ. वाट त्याची, पाय त्याचे, दिवस त्याचा, आणि मोबदला शून्य.

ही पायरी कशी मोडली, ते तलासरीत सांगावयाचे म्हणजे आजीला आजीचीच गोष्ट सांगण्यासारखे आहे. तरीही तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले आणि आपल्या भागातले वारली तिथे गेले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे आदिवासींची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साह्याने तिथे ठरले की यापुढे वेठ नाही, लग्नगडीपणा नाही, आणि मजुरीवाचून काम नाही. त्यानंतर गवत कापण्याच्या दरासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण पडले. दर वर्षी त्या दिवशी लाल बावटे तलासरीला का जमतात, ते या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या पाच जणांनी आपल्याला दुसऱ्या पायरीवर आणून सोडले. ती दुसरी पायरी म्हणजे मजुरी.

आता थोडा वेळ आपण आपला तालुका सोडून माथेरानला जाऊ. जाण्याचे कारण असे की डोंगरावर पाहुणे नेण्याचा धंदा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे, अखंड आणि परवान्यानिशी चालला तो तिथे. आणि तोही त्याच ठाणे कलेक्टरीच्या पोटातून निघाला. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तंबू चौक या गावी पडला होता. तिथून ते डोंगर चढून वर गेले, दाट झाडी आणि गार हवा पाहून खूश झाले, आणि माथेरानचा 'शोध' लागला. पुढे १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ते ठिकाण वसविण्यास हात घातला. आज माथेरानात मॅलेटच्या नावाचा झरा आहे. लुइझा, शार्लट, अलेक्झांडर ही नावे कड्यांना आणि तळ्याला आहेत. परंतु त्या डोंगरावर धनगर, ठाकूर आणि कातकरी आधीपासूनच वावरत होते. त्यांना तो झरा ठाऊक नव्हता काय? ज्याने शोधले त्याचे नाव लागले, ज्याला ठाऊकच होते त्याचे लागले नाही.

माथेरान वसले तसा तिथे धंदा उभा राहिला. नेरळपर्यंत आगगाडी आली होती. तिथून वर पालखी, खुर्ची, तट्टू. १९०७ साली दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून ती बांधली. मोटार मात्र वर जाऊ दिली नाही. ती आजही दस्तुरी नाक्यालाच थांबते. म्हणून माथेरानचा कारभार घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षा ओढणारे यांच्या अंगावर चालला. हातरिक्षा म्हणजे पुढे एक ओढणारा, मागे ढकलणारे, आणि आत बसलेला माणूस. लाल मातीच्या चढावर, पावसाळ्यात चिखलात, माणूस माणसाला ओढतो आहे, हे दृश्य आपण पाहिले असेल.

काही वर्षांपूर्वी युनियनच्या कामासाठी आम्ही तिथे गेलो होतो. एका कड्याजवळ वीस-बावीस वर्षांचा पोरगा घोडा धरून उभा होता. गाव डोंगराच्या पायथ्याशी. पहाटे चढून यावयाचे, संध्याकाळी उतरावयाचे. पाहुण्यांना तो सगळे कडे, सगळ्या वाटा, माकडांच्या खोड्या, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, हे हसतमुखाने सांगत होता. आम्ही सहज विचारले, "घोडा तुझा का?" तो म्हणाला, "नाही, शेठचा." "आणि परवाना?" "तोही शेठच्या नावाचा." "मग तुझे काय?" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "माझी वाट."

त्या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत होतो. वाट त्याची होती खरी, पण वाटेचे पैसे त्याचे नव्हते. सगळेच घोडेवाले असे नोकरीवर आहेत असे आम्ही म्हणत नाही. आपल्या घोड्याचे आपण मालक असलेलेही पुष्कळ आहेत. परंतु त्या पोराला मजुरी मिळत होती आणि तरीही तो दुसऱ्या पायरीवरच उभा होता.

पुढे माथेरानच्या हातरिक्षांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या डिसेंबरात सात विजेच्या रिक्षा प्रयोग म्हणून चालविण्यात आल्या. लगेच प्रश्न निघाला की या नव्या गाड्या कोणाच्या? पैसेवाल्याने दहा गाड्या घ्याव्यात आणि कालचा ओढणारा त्याच्याकडे चालक म्हणून राहावा, हे सहज होण्यासारखे होते. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की विजेच्या रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात; कारण त्यांचीच रोजी जाणार आहे. परवानाधारक हातरिक्षावाले होते चौऱ्याण्णव. ऑगस्ट २०२५ मध्ये, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी आहे असे ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. आणि पैसे नाहीत ही सबब सरकारने सांगू नये, असेही बजावले.

या निकालात न्यायालयाने पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एक जुना निकाल आठवला, तो आम्हां कामगारांना विशेष जवळचा आहे. पंजाबात १९७५ साली एक कायदा झाला की सायकलरिक्षाचा परवाना जो स्वतः रिक्षा चालवितो त्यालाच मिळेल. रिक्षा भाड्याने देणाऱ्या मालकाला नाही. कायदा चांगला, पण रिक्षावाल्याच्या खिशात रिक्षा विकत घेण्याइतके पैसे कोठून येणार? म्हणजे भल्यासाठी केलेल्या कायद्यानेच त्याचा घास जाण्याची वेळ आली. रिक्षावाल्यांची युनियन न्यायालयात गेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा नुसता उचलून धरला नाही; रिक्षावाल्यांना बँकेचे कर्ज मिळून ते मालक कसे होतील, याची योजनाच निकालात घालून दिली. हक्क कागदावर देणे आणि तो हातात पडेल अशी व्यवस्था करणे यांत केवढे अंतर आहे, ते या एका निकालावरून कळते.

आता जरा दूर पाहू. युरोपात आल्प्स पर्वताच्या कुशीत शामोनी नावाचे गाव आहे. त्याच्या डोक्यावरचे मों ब्लाँ हे शिखर १७८६ साली प्रथम सर झाले. ते चढणाऱ्या दोघांपैकी एक गावचा डॉक्टर पॅकार्ड आणि दुसरा डोंगरात स्फटिक शोधत हिंडणारा बाल्मा. मग देशोदेशीचे हौशी लोक येऊ लागले आणि गावकरी वाटाडे झाले. १८२० साली हॅमेल नावाच्या एका डॉक्टरची टोळी वर जात असता हिमकडा कोसळला आणि तीन वाटाडे बर्फाच्या भेगेत गाडले गेले. पाहुणे वाचले. त्या तिघांचे अवशेष हिमनदीने खाली आणून टाकले ते तब्बल एकेचाळीस वर्षांनी, १८६१ मध्ये.

या अपघातानंतर, १८२१ साली, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना बांधली. तिचे दोन नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला पाळीचा : पाहुणा आला की ज्याची पाळी त्याने जावे, म्हणजे हॉटेलवाल्याच्या मर्जीतल्यालाच काम आणि बाकीचे उपाशी, असे व्हावयाचे नाही. दुसरा मदतनिधीचा : कमाईतला वाटा एका पेटीत टाकावयाचा आणि जो पडेल, आजारी होईल, मरेल, त्याच्या घरी द्यावयाचा. या पद्धतीत खोटही होती. पाळीमुळे निष्णात आणि कच्चा वाटाडा एकाच मापाने मोजला जाई. कठीण चढाईला जाणारे पाहुणे कुरकुर करीत आणि नियमात पुढे सवलती द्याव्या लागल्या. तरी ती संघटना आज दोनशे वर्षे उभी आहे.

उलट हिमालयात काय झाले ते पाहा. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवर बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा जण मेले. सगळे नेपाळी, पाहुण्यांसाठी दोर बांधणारे, ओझी वाहणारे. त्या शिखरासाठी पाहुणे लाखो रुपये मोजत होते. सरकारने मेलेल्यांच्या घरी तातडीची मदत म्हणून नेपाळी चाळीस हजार रुपये जाहीर केले. तेव्हा शेर्पांनी सांगितले की यंदा आम्ही वर जात नाही. आणि त्या बाजूचा तो हंगाम तिथेच संपला. जगातल्या सर्वांत उंच जागी झालेला हा संप कोणा पुढाऱ्याने केला नव्हता. ज्याच्या जिवावर धंदा चालतो त्याला धंद्याच्या हिशेबात स्थान नसले, की एक दिवस असा येतोच.

आमच्या पोरांनी दाखविलेल्या त्या बर्फगाडीचीही गोष्ट याच इतिहासात बसते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बोंबार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता. १९३४ सालच्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद, इस्पितळात नेता आले नाही, मूल गेले. बर्फावर चालणाऱ्या गाडीची खटपट तो आधीपासून करीत होता; १९३७ मध्ये तिच्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट त्याला मिळाले. १९५९ साली त्याने एकदोघांनी बसावयाची हलकी गाडी बाजारात आणली. दुर्गम भागात काम करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल असा हिशेब होता. पण लोकांनी ती मौजेसाठी घेतली आणि बर्फाळ गावांत पाहुण्यांना रानात फिरविण्याचा नवा धंदा उभा राहिला. यंत्र वाईट नसते. मात्र यंत्र आले की धंद्यातले भांडवल बदलते. शामोनीच्या वाटाड्याचे भांडवल त्याचे पाय आणि त्याची नजर; ते कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. यंत्राला लाखो रुपये लागतात, आणि ज्याच्याजवळ लाखो रुपये तो मालक होतो. गुलमर्गला लाकडी स्लेज हाताने ओढणारेही आहेत. त्यांच्या शेजारून मोटारगाडी भुर्रकन जाते, तेव्हा त्यांना काय वाटत असेल, ते माथेरानचा हातरिक्षावाला सांगू शकेल.

इतके हिंडून आता पुन्हा आपल्या घरी येऊ. कोणी म्हणेल, शामोनीचे राहू द्या. मालकीची तिसरी पायरी आपल्याकडे कोणी चढून पाहिली आहे काय? पाहिली आहे. १९४७ साली, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, जंगलातले ठेकेदार काढून कूपतोडीचे काम जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना देण्याची योजना निघाली, आणि तिचा आरंभ आपल्याच ठाणे जिल्ह्यात झाला. विचार मोठा होता : जो कुऱ्हाड चालवितो तोच ठेकेदार. मजुरी तर मिळेलच, नफ्यातही वाटा मिळेल.

आमचे वडील अशाच एका संस्थेचे सभासद होते. कूपातले लाकूड बैलगाडीने डहाणू रोड स्टेशनावर आणावयाचे, हे त्यांचे काम. कोणती संस्था ते सांगत नाही. त्यातले कोणी आज हयात नाही. संस्थेची सभा वर्षातून एकदा होई. सभेला गूळ-चणे मिळत. मग एक मोठी वही पुढे येई आणि वडील तीत अंगठा उठवीत. आम्ही तेव्हा सहावीत होतो. एकदा त्यांच्याबरोबर गेलो, आणि अंगठा उठविण्याआधी वहीत काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचू लागलो. लिहिले होते की सभासदांनी चर्चा करून यंदाचा नफा वाटू नये असे एकमताने ठरविले. चर्चा झालीच नव्हती. वही लिहिणाऱ्या गृहस्थांनी हसून वही मिटली आणि म्हणाले, "पोरगा हुशार आहे हो!" वडिलांनी अंगठा उठविला तो उठविलाच. घरी येताना ते काही बोलले नाहीत. फक्त गाडी सोडताना म्हणाले, "वाचायला शीक. पुरतं शीक." शाळा पुढच्याच वर्षी सुटली, पण तो शब्द आम्ही मोडला नाही.

हे सांगण्याचा हेतू त्या योजनेला नावे ठेवण्याचा नाही. ठेकेदाराच्या जाचातून तिने हजारो माणसे सोडविली. पण ज्या संस्थेत वही दुसऱ्याच्या हाती राहिली तिथे मालकीही नावापुरती राहिली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हणून गाडी कोणाची आणि परवाना कोणाचा, या दोन प्रश्नांना आम्ही तिसरा प्रश्न जोडतो : वही कोण लिहितो?

चौथा प्रश्न जिवाचा. त्यासाठीही महाराष्ट्राने एक वाट घालून दिली आहे. हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. त्याला भविष्यनिर्वाह निधी कोण देणार, दुखापत झाली तर कोणाला विचारावयाचे? अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्याची नोंदही मंडळात. मजुरी मंडळात भरावयाची, आणि तिच्यावरची पट्टी भरून निधी, रजा, औषधपाणी यांची सोय मंडळाने करावयाची. वाटाड्याचाही मालक रोज बदलतो. शामोनीची पेटी आणि माथाड्यांचे मंडळ ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत.

आता त्या पाच जणांना आमचे उत्तर. धंदा जरूर करा. आपल्या भागाला तो साजेसाही आहे. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि कारखान्यांवर मर्यादा आली. त्या मर्यादेपायी नोकऱ्या आल्या नाहीत म्हणून आपण कुरकुरतो, पण ज्या डोंगर-रानासाठी आज पाहुणा येतो ते काही अंशी तिच्यामुळेच शिल्लक आहे. बोर्डीच्या चिकूच्या वाड्या पाहावयास लोक येतात, वारली चित्रे पाहावयास येतात, उद्या डोंगर पाहावयास येतील. परंतु गाड्यांपासून सुरुवात करू नका. बारडगड पायी चढावयाचा डोंगर आहे, आणि पारशी समाजाचे ते श्रद्धेचे ठिकाण आहे. तिथे धुरळा उडवीत जाणे शोभणार नाही. पायी वाटेला भांडवल लागत नाही, आणि ज्या धंद्याला भांडवल लागत नाही त्यात शेठ शिरत नाही. गाडी घ्यावयाची तर पायांनी कमावलेल्या पैशांतून, संस्थेच्या नावावर, मागाहून घ्या.

दुसरे, ग्रामसभेत जा. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. रानातली वाट कोणा एकाची नाही, गावाची आहे. तेव्हा गावाला विचारून जा आणि गावाचा वाटा काढून ठेवा. साहसी पर्यटनासाठी सरकारने २०२१ साली धोरण केले आहे. त्याप्रमाणे नोंदणी करा, प्रथमोपचार शिका, विमा उतरवा. तिसरे, पाळी ठेवा. पण कठीण वाटेवर अनुभवी माणूसच जाईल, ही सवलत आधीच लिहून ठेवा. चौथे, पहिल्या दिवसापासून पेटी ठेवा. आणि पाचवे, वही स्वतः लिहा, व महिन्याच्या अखेरीस ती सर्वांसमोर मोठ्याने वाचा.

चैत्रात आपल्या महालक्ष्मीची जत्रा भरते. पौर्णिमेच्या मध्यरात्री पुजारी घराण्यातला माणूस डोंगराच्या सुळक्यावर चढून ध्वज लावतो. अंधारात, अवघड चढणीवर. खाली हजारो लोक वर पाहत उभे असतात. त्या माणसाला ती वाट बापाने दाखविली, बापाला आज्याने. हे ज्ञान कोणत्याही बँकेत तारण ठेवता येत नाही आणि कोणी विकत घेऊ शकत नाही. आमच्या पोरांजवळ असे ज्ञान आहे. ते रोजंदारीवर घालवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

मुले काय करणार, असे आपण विचाराल. मुंबईच्या गृहस्थांना त्यांनी अजून होही म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. घरात खाणारी तोंडे आहेत, आणि ठरलेला रोज हा काही थोडा मोह नव्हे. हे आम्हांला समजते. मात्र गेल्या आठवड्यात ती मुलगी एकटीच कचेरीत आली. वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. तिने कोरी वही आणली होती आणि रकाने कसे आखावेत ते विचारीत होती. आम्ही तिला आखून दिले : तारीख, पाहुणे किती, गेला कोण, आले किती, पेटीत किती, गावाचे किती.

आता शेवटी आपणां श्रोत्यांना एक विनंती. आपणही सुट्टीत कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जाता. तिथे आपल्याला घोड्यावर बसविणारा, रिक्षा ओढणारा, वाट दाखविणारा भेटेल. त्याला भाड्यासाठी घासाघीस करण्याआधी एकच प्रश्न विचारा : "हे तुझे आहे का?" तो जे सांगेल ते ऐकून घ्या. आपल्यासारख्या पाहुण्यांनी हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर शेठलाही त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.